इंजिनाच्या पायाखालचे रबर

लहान विमानात पहिल्यांदा बसलेला माणूस खाली उतरल्यावर उंचीबद्दल किंवा समुद्राच्या रंगाबद्दल बोलेल अशी आपली अपेक्षा असते, पण तो बहुधा आवाजाबद्दल बोलतो. वैमानिक होण्यासाठी प्रशिक्षण घेत असलेला माझा भाचा गेल्या महिन्यात परुळ्याला घरी आला, तेव्हा त्याचीही तक्रार तीच होती. रोज दोन-अडीच तास उड्डाण केल्यावर डोके जड होते, कानांत घुमत राहते आणि संध्याकाळी पुस्तक उघडवत नाही, असे तो म्हणाला. आणि लगेच त्याने उपायही सांगितला. ‘‘मामा, दाराच्या आतल्या बाजूला आणि पायांपुढच्या पत्र्याला फोमच्या शीट चिकटवल्या तर? मी ऑनलाइन बघून ठेवल्या आहेत.’’

लहान विमानांच्या देखभालीत माझी बावीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर चिपीच्या सड्याजवळ, म्हणजे सिंधुदुर्गच्या विमानतळाजवळच्या घरी राहत असल्यामुळे आता विमानाशी संबंध उरला आहे तो डोक्यावरून जाणाऱ्या प्रवासी विमानांपुरता. भाच्याला त्या दिवशी ओटीवर बसून जे सांगितले ते बरेच लांबले आणि तरीही अर्धवट राहिले. म्हणून ते इथे सविस्तर लिहितो आहे.

प्रशिक्षणाच्या बहुतेक विमानांत समोरासमोर आडवे सिलिंडर असलेले चार सिलिंडरचे इंजिन आणि त्याच्या दांड्यावर थेट बसवलेला दोन पात्यांचा पंखा असतो. सेसना १७२ हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४० फेरे होतात. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा पेटतो. म्हणजे चार सिलिंडरांचे मिळून प्रत्येक फेऱ्याला दोन आणि सेकंदाला ८० धक्के बसतात. पंख्याला दोन पाती असल्यामुळे पात्यांमागची हवाही पुढच्या काचेवर आणि पत्र्यावर सेकंदाला ८० वेळाच आपटते. दोन वेगळ्या कारणांनी निर्माण झालेला जोर असा एकाच सुरात, ८० हर्ट्झवर, एकमेकांत मिसळतो. भाच्याच्या डोक्यात संध्याकाळपर्यंत घुमणारा आवाज तो हाच.

हा आवाज केबिनमध्ये दोन वाटांनी येतो. एक वाट हवेची: एक्झॉस्टचा, पंख्याचा आणि वाऱ्याचा आवाज काचांतून, दारांच्या फटींतून आणि पातळ पत्र्यातून थेट आत शिरतो. दुसरी वाट धातूची: इंजिनाची थरथर त्याला धरणाऱ्या नळ्यांच्या चौकटीत उतरते, तिथून फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या, चार कोपऱ्यांत, तिथून अंगाच्या पत्र्यात, आणि मग छत, जमीन व दार हे सगळेच एखाद्या ढोलाच्या कातड्यासारखे वाजू लागतात. या दुसऱ्या वाटेने आलेला आवाज कुठून येतो आहे हे कानाला कळत नाही, कारण तो सगळीकडून येत असतो. फोम लावण्याची कल्पना सुचते ती त्यामुळेच. आवाज पत्र्यातून येताना दिसतो, तर पत्र्यालाच गप्प करावे असे वाटणे साहजिक आहे.

पण ८० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सव्वाचार मीटरच्या आसपास भरते. तिच्यापुढे इंचभर जाडीच्या फोमला काहीच किंमत नाही. तो शिट्टीसारखे, सळसळीसारखे वरच्या पट्टीतले आवाज शोषतो, आणि तेवढ्यापुरता उपयोगी आहेच. खालच्या पट्टीतला आवाज अडवायचा तर वजन लागते, आणि भिंतीचे वजन दुप्पट करावे तेव्हा कुठे सहा डेसिबलचा फरक पडतो. विमानात वजन फुकट मिळत नाही. पाच किलोचे अस्तर म्हणजे सुमारे सात लिटर पेट्रोल कमी न्यायचे. शिवाय प्रशिक्षणाच्या विमानात कोणी स्वतःच्या मनाने शीट चिकटवू शकत नाही. ती आगीत कशी वागते याचा दाखला लागतो, विमानाचे नवे वजन आणि गुरुत्वमध्य नोंदवावा लागतो. हे सगळे ऐकल्यावर भाच्याचा चेहरा थोडा उतरला, कारण मला वाटते, त्याने ऑर्डर देऊन टाकली होती.

धातूची वाट तोडायची असेल तर ती एकाच ठिकाणी तोडता येते, जिथे इंजिन विमानाला भेटते. तिथे चार रबरी तुकडे असतात, ज्यांना आम्ही नुसते ‘माउंटिंग’ म्हणतो. रिक्षावाला म्हणतो तेच आणि त्याच अर्थाने. सव्वाशे किलोच्या आगेमागे वजन असलेले इंजिन या चार रबरांवर तोललेले असते, आणि केबिनमधल्या शांततेचा निकाल बराचसा तिथेच लागतो.

ही गोष्ट मी प्रशिक्षण केंद्रात शिकलो खरी, पण मला ती त्याआधी निवतीच्या बंदरावर एका तांडेलाने सांगितली होती. आमच्या शेजारच्या घरातल्या तात्यांची होडी होती आणि तिच्यात आडव्या लाकडी ओंडक्यांवर डिझेल मशीन बसवलेले होते. जुने मशीन काढून नवे बसवताना त्यांनी लाकूड आणि मशीनचे पाय यांच्यामध्ये रबराच्या जाड गाद्या घातल्या होत्या. मी विचारले तेव्हा म्हणाले, ‘‘मशीन लाकडार घट्ट आवळलंस तर अख्खी होडी बोलता, रबरार बसयलंस तर नुसती मशीनच बोलता.’’ आणि पुढे लगेच म्हणाले की रबर फार मऊ घातले तर पंख्याची दांडी सरळ राहत नाही, कारण पंखा होडीला पुढे ढकलतो तो मशीनच्या पायांवरूनच. पुढे विमानाच्या माउंटिंगबद्दल मी जे काही वाचले, त्यातला मुख्य पेच या दोन वाक्यांत आलेला होता. मऊ असावे म्हणजे थरथर पलीकडे जात नाही. पण तेच रबर पंख्याची ओढ, वळताना येणारा पीळ आणि उतरतानाचा आदळाही सोसत असते, म्हणून त्याला मऊपणाची मर्यादा आहे.

किती मऊ, याचे गणित सोपे आहे. रबरावर ठेवलेल्या वजनाला स्वतःचा एक झोका असतो, ज्याला नैसर्गिक वारंवारिता म्हणतात. समजा ती १५ हर्ट्झ आहे. बाहेरून येणारा धक्का तिच्या १.४१ पटींहून, म्हणजे साधारण २१ हर्ट्झहून, अधिक वेगाचा असेल तरच रबर तो अडवू लागते. त्याखाली ते काहीच अडवत नाही, आणि १५ हर्ट्झच्या जवळ तर धक्का उलट वाढवून पुढे पाठवते. वर सांगितलेला ८० हर्ट्झचा धक्का या हिशेबाने सत्ताविसाव्या हिश्श्याइतका उरतो. पंख्याचा तोल थोडा ढळलेला असेल तर त्याचा धक्का फेऱ्याला एकदा, म्हणजे ४० हर्ट्झवर येतो, आणि त्याचा सहावा हिस्सा पलीकडे पोहोचतो. हे झाले कागदावरचे आकडे. प्रत्यक्षात फायरवॉल हा काही कातळ नव्हे, तो पातळ पत्रा आहे आणि स्वतःच लवतो. रबरही हळू दाबले तर मऊ आणि झटपट हलवले तर कडक वागते. त्यामुळे हाती लागणारा फायदा कागदावरच्यापेक्षा कमीच असतो. तरी दिशा हीच.

हे गणित डोळ्यांनी पाहायचे असेल तर इंजिन बंद करताना पाहावे. फेरे कमी होत होत शेवटी धक्क्यांचा वेग रबराच्या झोक्याशी जुळतो आणि त्या क्षणी अख्खे इंजिन, जणू अंगात आल्यासारखे, दोन-तीनदा जोरात हलते आणि मग थांबते. नवे विद्यार्थी ते पाहून दचकतात. त्यात काही बिघडलेले नसते; रबर मऊ असल्याची ती खूण आहे.

मात्र मऊ रबराने सगळा प्रश्न सुटत नाही, कारण इंजिन नुसते वरखाली हलत नाही. ते दांड्याभोवती पिळते, नाक वरखाली करते, डावी-उजवीकडे मान हलवते. मोटारींच्या जगात या पिळण्याचे उत्तर १९३१ साली प्लिमथ गाडीत दिले गेले. तिथे इंजिन दोन ठिकाणी रबरावर अशा रीतीने टांगले होते की त्या दोन आधारांना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जावी. मग इंजिन त्या रेषेभोवती निवांत डुलते आणि चौकटीला त्रास देत नाही. प्लिमथ बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीने या योजनेला ‘फ्लोटिंग पॉवर’ असे नाव दिले होते. विमानात ही सोय नाही. इंजिन मागच्या बाजूने धरलेले असते आणि त्याचा व पंख्याचा मिळून गुरुत्वमध्य आधारांच्या बराच पुढे, हवेत लोंबत असतो. जुन्या पद्धतीच्या माउंटिंगमध्ये चारही बोल्ट दांड्याला समांतर, सरळ मागे जातात. अशा इंजिनात एका प्रकारची हालचाल दुसरीला जागी करते, वरखाली हलायला लागले की नाकही डोलू लागते.

यावरची युक्ती मला आजही फार सुंदर वाटते. चारही रबरांचे अक्ष थोडे आत कलते ठेवायचे, म्हणजे त्यांच्या रेषा पुढे वाढवल्यास गुरुत्वमध्याच्या आसपास एकत्र येतात. हात मागे असूनही पकड जणू मध्यावरच घेतली आहे असे इंजिनाला वाटते, आणि त्याच्या निरनिराळ्या हालचाली एकमेकींपासून बऱ्याच अंशी सुट्या होतात. याला डायनाफोकल माउंटिंग म्हणतात. लायकमिंग कंपनीच्या विमान-इंजिनांत हा कल एका प्रकारात ३० अंशांचा आणि दुसऱ्यात १८ अंशांचा असतो, आणि एकाची चौकट दुसऱ्याला चालत नाही. जुने इंजिन घेऊन स्वतःचे विमान बांधणारे लोक इथे हमखास फसतात. इंजिन स्वस्तात मिळते आणि मग चौकट नव्याने करावी लागते.

आता एका विमानाची हकिकत, जिच्यासाठी हा सगळा प्रपंच.

मी ज्या प्रशिक्षण संस्थेत होतो तिथे एका विमानाबद्दल सगळ्या शिक्षकांची एकच कुरकुर होती, की २,३०० ते २,४०० फेऱ्यांच्या दरम्यान हे विमान असह्य घुमते. संस्थेने आधी छताचे अस्तर बदलले, दारांची रबरी किनार बदलली, आणि त्यावर पुरेसा खर्च झाल्यावर विमान आमच्याकडे आले. मी समोर उभा राहून पाहिले तर पंख्यावरची टोपी, म्हणजे स्पिनर, काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, तोंडापेक्षा स्पष्ट खाली बसलेली होती. इंजिनाने नाक टाकले होते. माउंटिंग काढली. नवी रबरी कडी आणि जुनी कडी बाकावर शेजारी ठेवली तेव्हा शिकाऊ मुलांना वेगळे काही सांगावे लागले नाही. जुनी कडी एका बाजूने चेपलेली, दुसऱ्या बाजूने फुगलेली होती. कडेला भाताच्या कोरड्या खाचरासारख्या बारीक भेगा, आणि जिथे वरून तेल ठिबकत असे तिथे रबर मऊ, चिकट, बोटाला काळे लागणारे झाले होते. नख रोवले तर खूण तशीच राहत होती. नव्या कडीवर नख टेकले की ती लगेच पूर्ववत होत होती.

नवी माउंटिंग नीट बसवली. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. काही संचांत प्रत्येक ठिकाणच्या दोन अर्ध्या तुकड्यांपैकी एक जास्त कडक असतो, आणि वरच्या दोन जागी व खालच्या दोन जागी त्यांचा पुढे-मागे क्रम उलटा असतो, कारण इंजिनाच्या वजनाने वरचे आणि खालचे आधार उलट दिशांनी दाबले जातात. चारही ठिकाणी सारखाच क्रम लावून मोकळे होणारे हुशार लोक मी पाहिले आहेत. आम्ही पुस्तिका समोर ठेवून, दाखवलेल्या जोराने बोल्ट आवळून काम पुरे केले. स्पिनर काउलिंगच्या मधोमध आला. विमान उडाले आणि शिक्षक उतरून म्हणाले, ‘‘साहेब, आवाज वाढला आहे.’’

दोन दिवस मी त्या विमानाभोवती फिरत होतो. रबर नवे, क्रम बरोबर, पंख्याचा तोल मोजलेला. अखेरीस संशय एकाच गोष्टीवर आला. रबर कितीही चांगले असले तरी इंजिन आणि विमान यांच्यामध्ये दुसरीकडे कुठे धातूला धातू लागला, तर थरथरीला रबरातून जाण्याची गरजच उरत नाही; ती त्या जागेवरून सरळ पलीकडे जाते. ताणून बांधलेली थ्रॉटलची केबल, आखूड पडलेला होस, कुठेतरी टेकणारे ब्रॅकेट, यांपैकी काहीही पुरते. आम्ही सगळ्या फटी तपासल्या. एक्झॉस्टची नळी काउलिंगच्या खालच्या तोंडातून बाहेर पडते तिथे, उभ्या विमानात, दोन-तीन मिलिमीटरची फट दिसत होती. पण इंजिन चालू असताना ते रबरावर पिळते आणि पंख्याच्या ओढीने थोडे पुढेही सरकते, म्हणून उभ्या विमानातल्या फटीवर विश्वास ठेवता येत नाही.

आमचा हेल्पर तंबाखू खाणारा होता. त्याच्या डबीतला चुना बोटावर घेऊन त्याने काउलिंगच्या त्या कडेला आतून एक पातळ पट्टी ओढली. इंजिन चालू करून २,३०० फेऱ्यांपर्यंत नेले, बंद केले, आणि वाकून पाहिले. चुन्यात चंद्रकोरीएवढी एक जागा स्वच्छ पुसली गेली होती आणि नळीवर तेवढाच पांढरा डाग उमटला होता. (चुना लगेच ओल्या फडक्याने पुसून काढावा लागला, कारण तो ॲल्युमिनियम खातो, पुस्तिकेत बसणारी ही पद्धत नव्हे.) उलगडा असा झाला, की जुन्या रबरांनी इंजिन खाली बसत गेले तेव्हा कोणीतरी कधीतरी त्या झुकलेल्या इंजिनाला जुळेल अशी नळीची जागा बदलून घेतली होती. आम्ही इंजिन पूर्वीच्या उंचीवर आणले आणि नळी काउलिंगच्या त्या तोंडाच्या वरच्या कडेला जाऊन लागली. नळीचा आधार सैल करून ती पुन्हा मध्यावर आणली, सगळीकडे बोट जाईल एवढी जागा ठेवली, आणि त्या विमानाची तक्रार थांबली. छताच्या नव्या अस्तराचे बिल मात्र आधीच चुकते झालेले होते.

माउंटिंगच्या हातात नसलेली एक गोष्टही सांगितली पाहिजे. चार सिलिंडरांपैकी एक जरा कमी जोर करत असेल, स्पार्क प्लग खराब असेल किंवा त्याला मिश्रण कमी-जास्त मिळत असेल, तर दर दोन फेऱ्यांनी एकदा एक लंगडी थाप पडते. २,४०० फेऱ्यांवर ती २० हर्ट्झची होते, आणि आपल्या १५ हर्ट्झच्या रबरावर २० हर्ट्झचा धक्का कमी न होता जवळपास तीस टक्क्यांनी वाढून पलीकडे जातो. अशा वेळी रबर बदलणे म्हणजे पाय मुरगळलेल्या माणसाला नव्या चपला घेऊन देणे. आधी सिलिंडर पाहावा. पंख्याचा तोलही तसाच. तो इंजिन चालू ठेवून, कंपनमापक लावून पाहतात आणि स्पिनरच्या मागच्या तबकडीवर काही ग्रॅमचे वॉशर लावून सुधारतात. इतक्या थोड्या वजनाने किती फरक पडतो हे स्वतः अनुभवल्याशिवाय पटत नाही.

आमच्या किनाऱ्यावर रबराचा आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारा वारा. तो रबराला थेट फारसे काही करत नाही. रबर ज्या लोखंडी चकत्यांना चिकटवलेले असते त्यांच्या कडेने गंज आत शिरतो आणि चिकटलेले रबर सोडवत जातो. निवतीच्या होड्यांमध्ये दोन-तीन पावसाळ्यांत गादी पत्र्यापासून सुटलेली मी कितीदा तरी पाहिली आहे, आणि वरून पाहणाऱ्याला रबर अगदी ठणठणीत दिसते. समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या विमानाचे माउंटिंग तपासताना म्हणूनच नुसते रबर न पाहता रबर आणि धातू यांच्यामधली रेषा पाहावी, आरसा आणि बॅटरी घेऊन. तेलाची गळती तर कुठेही वाईटच.

भाच्याने दुसऱ्या दिवशी फोनवर एक ॲप दाखवले. त्याच्या विमानात ते ९१ डेसिबल दाखवत होते. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा धरली आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा केला, तर ९१ डेसिबलला दोन तासच मिळतात, आणि तो अडीच तास उडतो. पण मी त्याला ॲपच्या कोपऱ्यातले ‘ए’ हे अक्षर दाखवले. या मोजणीत माणसाच्या कानाप्रमाणे खालच्या पट्टीतले आवाज मुद्दाम कमी धरतात. ८० हर्ट्झवरचा आवाज तर सुमारे साडेबावीस डेसिबलने कमी मोजला जातो. त्यामुळे त्याला दमवणारा घुमारा त्या ९१ मध्ये जेमतेमच धरलेला आहे, आणि माउंटिंग सुधारले तरी ॲपवरचा आकडा एखाद-दुसऱ्यानेच उतरेल. अंगाला मात्र फरक लगेच कळेल.

हेडसेटचे काय, असे त्याने विचारलेच. आवाजाला उलटा आवाज देऊन मारणारे हेडसेट नेमके याच खालच्या पट्टीत उत्तम चालतात. बोस कंपनीचे तसे प्राथमिक संच १९८६ साली न थांबता जगप्रदक्षिणा करणाऱ्या ‘व्हॉयेजर’ विमानात वापरले गेले होते, आणि १९८९ पासून ते वैमानिकांना विकत मिळू लागले. ते जरूर घ्यावेत. पण ते कान वाचवतात. बसण्याच्या जागेतून पाठीच्या कण्यात चढणारी थरथर, सैल होणारे स्क्रू, थरथरणाऱ्या तबकडीवर न वाचता येणारा काटा, यांना हेडसेट काही करू शकत नाही.

तो परत गेल्यावर चार दिवसांनी त्याचा एक फोटो आला. विमान समोरून काढलेले होते, आणि स्पिनर व काउलिंग यांच्या फटीत त्याने स्वतःची बोटे धरली होती: वर दोन बोटे सहज जात होती, खाली एकही नाही. खाली त्याने लिहिले होते, ‘‘मामा, स्नॅग, म्हणजे बिघाडाची तक्रार, लिहून दिला आहे. इंजिनिअर म्हणाले, पुढच्या शंभर तासांच्या तपासणीत माउंटिंग उतरवून बघू.’’ मी त्याला एवढेच कळवले, की उतरवून नवी बसवली की एक्झॉस्टची नळी कुठे लागते आहे का तेही बघायला सांग, आणि चुना नेऊ नकोस.